पंचेचाळिसावी जागा

१९८८ साली ‘टेट्राहेड्रॉन’ या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात मुंबईच्या मुलुंडमधील हेक्स्ट संशोधन केंद्राचा एक निबंध छापून आला. लेखक होते नाईक, कट्टीगे, भट, अलरेजा, डिसूझा आणि रुप. विषय होता डायसोझायलम बायनेक्टारिफेरम नावाचे झाड. कडुनिंबाच्या कुळातला हा वृक्ष सह्याद्रीच्या सदाहरित रानात वाढतो. त्यातून या मंडळींनी रोहिटुकीन नावाचा अल्कलॉइड वेगळा काढला, त्याची रचना निश्चित केली आणि तोच रेणू साध्या रसायनांपासून प्रयोगशाळेत घडवूनही दाखवला. शोध चालला होता सूज उतरवणाऱ्या आणि प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या द्रव्याचा. निबंधाच्या शीर्षकातही तेवढेच आहे. कर्करोगाचा उल्लेख तिथे नाही.

याच रेणूचा एक मिथाइल गट काढून त्या जागी क्लोरीन असलेले बेंझिनचे कडे बसवले गेले आणि फ्लॅवोपिरिडॉल तयार झाले. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. पेशीच्या विभाजनाचे चक्र फिरते ठेवणारी जी प्रथिने आहेत, त्यांना अडवणारे औषध म्हणून माणसाच्या शरीरात गेलेला हा पहिला रेणू. सह्याद्रीतले झाड आणि मुलुंडची प्रयोगशाळा यांच्यापासून सुरू झालेली ही हकिगत आपल्याकडे शाळा-कॉलेजात सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

पण या लेखात मला औषधापेक्षा त्याच्या बसण्याच्या जागेविषयी सांगायचे आहे. ती जागा कुणी पाहिली, कुठे नोंदवून ठेवली आणि ती नोंद आज इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवसारख्या गावातूनही फुकट कशी उघडता येते, हे सांगायचे आहे.

पेशीतली प्रथिने सगळी सदैव कामावर नसतात. एखाद्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटला की ते जागे होते किंवा थांबते. हा गट एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूकडून घेऊन प्रथिनावर बसवणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतल्या साखरेच्या साठ्यावर काम करताना ही किमया ओळखली. त्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले. माणसाच्या जनुकसंचाचा आराखडा हाती आल्यावर जेरार्ड मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये मानवी कायनेजची यादी प्रसिद्ध केली. तीत ५१८ नावे होती. यांतले एखादे बिघडले, थांबायचे तेव्हा थांबेनासे झाले, की पेशी बेबंद वाढू लागतात. अनेक कर्करोगांचे मूळ इथे आहे, म्हणून औषध शोधणाऱ्यांचे लक्षही इथे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेल्या कायनेजरोधक औषधांची संख्या आता ८० च्या वर गेली आहे.

अडचण अशी की सगळ्या कायनेजना एटीपीच लागतो. त्यामुळे एटीपी धरण्याचा त्यांचा खळगा बराचसा एकसारखा असतो. एकाला अडवायला गेलेले औषध दुसऱ्या दहांनाही अडवते आणि रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते. कोणता खळगा कुठे किंचित वेगळा आहे, हे अणूच्या पातळीवर पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ते पाहण्याची पद्धत कष्टाची आहे. प्रथिन शुद्ध करायचे, त्याचे स्फटिक वाढवायचे. हा टप्पा कधी आठवड्यांत जमतो, कधी वर्षानुवर्षे हुलकावणी देतो. मग स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, त्यांचे विखुरलेले ठिपके मोजायचे आणि त्यांवरून इलेक्ट्रॉन कुठे दाट, कुठे विरळ याचा नकाशा काढायचा. त्या नकाशात एकेक अणू बसवायचा. शेवटी हाती येते ती एक लांबलचक फाइल. तिच्या प्रत्येक ओळीत एक अणू आणि त्याचे क्ष, य, झ हे तीन निर्देशक. माप अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात. कायनेजची अशी पहिली रचना १९९१ मध्ये सॅन दिएगोहून, सुझन टेलर यांच्या गटाकडून आली. प्रथिन होते पीकेए. पीकेएला जागे करणाऱ्या चक्रीय एएमपीची निर्मिती वाढवणारे फोर्स्कोलीन हे द्रव्यही मुलुंडच्या त्याच केंद्राने कोलियसच्या मुळांतून काढले होते. भट आणि डिसूझा ही नावे तिथेही आहेत. एका प्रयोगशाळेने कायनेजच्या शास्त्राला दोन वेगवेगळ्या टोकांना असा हात लावावा, हे थोर आहे.

फ्लॅवोपिरिडॉलच्या कुळातल्या रेणूची जागा प्रथम दिसली १९९६ मध्ये, बर्कलेत. सुंग-हो किम यांच्या प्रयोगशाळेत डी अझेव्हेडो आणि सहकाऱ्यांनी सीडीके२ या कायनेजच्या स्फटिकात क्लोरीन नसलेले भावंड बसलेले पाहिले. रेणूचे सपाट कडे नेमके एटीपीच्या ॲडेनीन या भागाच्या जागी जाऊन बसले होते. खळग्याच्या मागच्या बाजूला प्रथिनाच्या साखळीचा एक तुकडा असतो, त्याला बिजागरी म्हणतात. तिथल्या ८१ क्रमांकाच्या ग्लुटामेट आणि ८३ क्रमांकाच्या ल्युसीन या अमिनो आम्लांशी रेणूने हायड्रोजन बंध जुळवले होते.

दरम्यान एक गोष्ट लक्षात आली. फ्लॅवोपिरिडॉल पेशीचक्राच्या कायनेजपेक्षाही सीडीके९ ला जास्त घट्ट धरते. सीडीके९ चे काम वेगळे. जनुकाची नक्कल उतरवणारे यंत्र सुरुवातीला अडखळून थांबते, त्याला ते पुढे ढकलते. सीडीके९ थांबले की ज्या प्रथिनांचे आयुष्य मुळात काही तासांचे असते, ती सर्वांत आधी संपतात. कर्करोगाच्या पेशीला मरणापासून वाचवणारे एमसीएल-१ त्यांतलेच. २००८ मध्ये ऑक्सफर्डहून लुईस जॉन्सन यांच्या गटाने सीडीके९ ची रचना दिली. पहिल्या लेखिका सोन्या बाउम्ली. सोबत फ्लॅवोपिरिडॉल बसलेले चित्रही होते. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या खुल्या साठ्यात त्याचा क्रमांक आहे ३बीएलआर. तिथे रेणूचे बंध आहेत १०४ क्रमांकाच्या अस्पार्टेटशी आणि १०६ क्रमांकाच्या सिस्टीनशी.

एकीकडे ८१ आणि ८३, दुसरीकडे १०४ आणि १०६. प्रत्येक प्रथिन आपली साखळी आपल्या टोकापासून मोजते, त्यामुळे आकड्यांवरून नाते दिसत नाही. दोन रचना असतील तर शेजारी ठेवून माणूस ताडून पाहील. हजारो झाल्या की काय करायचे?

ॲमस्टरडॅमच्या व्रिजे विद्यापीठात या प्रश्नावर काम झाले. ऑस्कर व्हॅन लिंडन, आल्बर्ट कोइस्ट्रा, क्रिस डी ग्राफ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये क्लिफ्स नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. प्रोटीन डेटा बँकेतून त्यांनी माणसाच्या, आणि पुढे उंदराच्याही, कायनेजच्या रचना उचलल्या. प्रत्येकीतला औषध बसण्याचा खळगा निवडला. त्या खळग्याला ८५ अमिनो आम्लांची घरे दिली आणि सगळ्या कायनेजना एकच क्रमांक लावला. आता सीडीके२ चे ८१ आणि सीडीके९ चे १०४ ही दोन्ही घर क्रमांक ४६. ल्युसीन ८३ आणि सिस्टीन १०६ दोन्ही घर क्रमांक ४८. म्हणजे मुलुंडच्या रेणूच्या कुळाने दोन वेगळ्या प्रथिनांत तीच दोन घरे धरली होती. १९९६ आणि २००८ च्या दोन निबंधांत जे विखुरलेले होते, ते एका तक्त्यात एका ओळीखाली एक येते. संग्रह म्हणजे निव्वळ साठवण असे मानणाऱ्यांनी हा तक्ता एकदा पाहावा. क्रमांक लावणे हेसुद्धा संशोधनच आहे.

या ८५ घरांतले सगळ्यांत चर्चेतले घर आहे ४५ वे. बिजागरीच्या अगदी अलीकडचे. त्याला द्वारपाल म्हणतात, कारण त्याच्या पलीकडे आणखी एक पोकळी आहे आणि तिच्यात कोण शिरेल हे या घरातल्या अमिनो आम्लाच्या आकारावर ठरते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि एबीएल नावाचे कायनेज सतत चालू राहते. इमॅटिनिब या गोळीने त्याला अडवले. २००१ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. एबीएलमध्ये ४५ व्या घरात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ३१५ व्या क्रमांकावर, थ्रिओनीन आहे. इमॅटिनिब त्याच्याशी हायड्रोजन बंध करून पलीकडच्या पोकळीत शिरते. काही रुग्णांत तिथे थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन येते. बंध जुळवणारा गट गेला, वर जागाही अडली. गोळी निकामी. २०१२ मध्ये मान्यता मिळालेले पोनॅटिनिब याच अडचणीवर रेखलेले आहे. त्याच्या मध्यभागी कार्बनचा तिहेरी बंध आहे. तो भाग सडसडीत असल्याने आयसोल्युसीनला बगल देऊन जातो. अशी रचना नुसत्या अंदाजाने सुचत नाही. कुठे किती जागा उरली आहे हे डोळ्यांपुढे असावे लागते.

याच इमॅटिनिबच्या किमतीची लढाई मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने लढली. मूळ कंपनी नोव्हार्टिसची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांना. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. आज खेड्यातल्या रुग्णाला ही गोळी परवडते, त्यामागे हा निकाल आहे.

आता फुप्फुसाचा कर्करोग घेऊ. ईजीएफआर हे त्यातले कळीचे कायनेज. परळच्या टाटा रुग्णालयात अनुराधा चौगुले, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरमध्ये म्युटेशन आढळले. अशा रुग्णांना गेफिटिनिब देतात. त्याच रुग्णालयात वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर चाचणी केली. नुसत्या गेफिटिनिबवर आजार थोपून राहण्याचा मध्य काळ ८ महिने आला, केमोथेरपीची जोड दिल्यावर १६ महिने. जगभरच्या डॉक्टरांनी दखल घेतली असे हे काम मुंबईतले आहे.

पण महिने सरतात आणि आजार पुन्हा डोके वर काढतो. गेफिटिनिबला न जुमानणाऱ्या गाठींपैकी निम्म्याच्या आसपास गाठींत ७९० व्या क्रमांकावरचे थ्रिओनीन जाऊन मेथिओनीन आलेले असते. क्लिफ्समध्ये पाहिले तर हे घर क्रमांक ४५. एबीएलमध्ये ज्या घराने दगा दिला तेच. सुरुवातीला सगळ्यांना वाटले, इथेही जागा अडली असणार. २००८ मध्ये मायकेल एक यांच्या गटाने रचना आणि मोजमापे दिली तेव्हा निराळेच निघाले. औषध आत बसतच होते. मात्र मेथिओनीन आल्यावर प्रथिन एटीपीला पूर्वीपेक्षा घट्ट धरू लागले आणि औषधाला त्या स्पर्धेत टिकता येईना. मग उपाय बदलला. ७९० पासून सात घरे पुढे, ७९७ वर, सिस्टीन आहे. त्याच्याशी पक्का रासायनिक बंध करून कायमचे चिकटणारे ऑसिमर्टिनिब २०१५ मध्ये आले. चिकटलेल्या औषधाला एटीपी हलवू शकत नाही. घर तेच असले तरी दोन प्रथिनांतले दुखणे वेगळे होते, म्हणून औषधेही वेगळी झाली. हा फरक रचना पाहिल्याशिवाय कळला नसता, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

या सगळ्याखाली प्रोटीन डेटा बँक आहे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत ती सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. आज २ लाखांहून जास्त आहेत. हा साठा आपोआप खुला झालेला नाही. १९८० च्या दशकापर्यंत अनेक शास्त्रज्ञ निबंध छापत आणि निर्देशक स्वतःजवळ ठेवत. स्फटिकशास्त्रज्ञांमधल्याच काहींनी याविरुद्ध आवाज उठवला, सह्या गोळा केल्या. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने १९८९ मध्ये नियम सुचवले, पुढे नियतकालिकांनी अट घातली की निर्देशक जमा केल्याशिवाय निबंध छापणार नाही. अनुक्रमावरून प्रथिनाची रचना वर्तवणारा आल्फाफोल्ड हा संगणकीय कार्यक्रम शिकला तो याच साठ्यावर. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना वाटा मिळाला, त्यामागे अर्ध्या शतकातल्या हजारो अनाम विद्यार्थ्यांनी वाढवलेले स्फटिक आहेत.

हे मी पळसदेवला बसून लिहितो आहे. जुने पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा पळसनाथाचे देऊळ बाहेर येते, ते पाहायला लांबून लोक येतात. नवे गाव पुणे-सोलापूर रस्त्याला वसले. ११७ टीएमसीच्या त्या जलाशयात गावांनी जमिनी घातल्या आणि पाणी कालव्यांनी खाली सोलापूरकडे गेले. साठा कुणी भरला आणि पीक कुणाचे आले, हा हिशेब इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. रचनांच्या साठ्याचेही तसेच आहे. रेणू मुलुंडने दिला, जागा बर्कलेने आणि ऑक्सफर्डने दाखवली, क्रमांक ॲमस्टरडॅमने लावले. फरक एवढाच की या साठ्यातून कितीही उपसले तरी पातळी खाली जात नाही. मोबाइलवर ३बीएलआर उघडले, रेणू बोटाने फिरवला, १०६ चे सिस्टीन शोधले. नोंदणी नाही, फी नाही.

मग आपण काय घेतले आणि काय घातले? घेतले बऱ्यापैकी. मुलुंडचे केंद्र पुढे निकोलस पिरामलकडे आले. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी फ्लॅवोपिरिडॉलचे सहा अणूंचे कडे काढून पाच अणूंचे बसवले आणि पी२७६-०० हा रेणू घडवला. कल्पना जोशी, मॅगी राथोस आणि सहकाऱ्यांचे त्यावरचे निबंध २००७ मध्ये आले. तंबाखूने तोंडाचा कर्करोग घरोघर नेलेल्या आपल्या देशात, डोके आणि मानेच्या कर्करोगावर त्याची चाचणी झाली. त्याचे धाकटे भावंड व्होरुसिक्लिब, ज्यात फ्लोरिनचे तीन अणू जास्त आहेत, अमेरिकेतल्या एका कंपनीकडे गेले आणि तिथे रक्ताच्या कर्करोगावर त्याच्या चाचण्या झाल्या. २०१४ मध्ये पिरामलने नव्या औषधरेणूंचे संशोधन आवरते घेतले. माझ्या मते महाराष्ट्राच्या विज्ञानाचे त्या दशकातले हे मोठे नुकसान होते. त्याची चर्चा अर्थविषयक पानांवर झाली, इतरत्र फारशी नाही.

घालण्याच्या बाबतीत अगदीच रिते नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि सहकाऱ्यांनी यॉर्कच्या शास्त्रज्ञांबरोबर पेनिसिलीन व्ही असायलेजची रचना उलगडली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी खास किरणरेषा उभारली आहे. कायनेजच्या बाबतीत देशातले मोठे नाव बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. श्रीनिवासन यांचे होते. त्यांच्या गटाने २००४ मध्ये किंग हा संग्रह काढला, त्यात निरनिराळ्या सजीवांच्या जनुकसंचांतले कायनेज ओळखून वर्गवार लावले होते. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ पासून आहे. माणसे आहेत, यंत्रे आहेत.

कमी पडते ते खालच्या पायरीवर. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठानचे बायोटेक्नॉलॉजीचे शिक्षण आहे. इंदापूर, भिगवण, पळसदेवकडची मुले-मुली तिथे शिकायला जातात. पदव्युत्तर प्रकल्प म्हणून बहुतेक ठिकाणी ठरीव काम दिसते. एखादे प्रथिन डाउनलोड करायचे, वनस्पतीतल्या वीस द्रव्यांचे त्यात डॉकिंग करायचे, म्हणजे ते रेणू संगणकावर खळग्यात बसवून पाहायचे, ज्याचा गुण सर्वांत चांगला ते औषध असे लिहून टाकायचे. फाइलमधला स्फटिक किती अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट होता, कायनेज चालू स्थितीत होते की बंद, खळग्यातली एखादी कडी नकाशात दिसलीच नव्हती का, हे कुणी विचारत नाही. इमॅटिनिब एबीएलच्या बंद स्थितीतच बसते. चालू स्थितीतली फाइल घेतली तर संगणक काहीतरी गुण देईलच, पण त्याला अर्थ नसेल. क्लिफ्समध्ये प्रत्येक रचनेसमोर ही स्थिती लिहिलेली आहे, दर्जाचा आकडाही आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तो रकाना वाचायला लावला तरी अर्धे वाया जाणारे काम वाचेल.

आणि आपल्या भागासाठी एक काम मोकळे पडले आहे. क्लिफ्समध्ये माणूस आणि उंदीर आहेत, ऊस नाही. वनस्पतींत कायनेज माणसापेक्षा जास्त असतात. भाताच्या जनुकसंचात हजाराहून अधिक आहेत. जिवाणूजन्य करपा रोगाला प्रतिकार करणारे भाताचे एक्सए२१ हे जनुक, जे पामेला रोनाल्ड यांच्या गटाने १९९५ मध्ये वेगळे केले, तेही कायनेजच बनवते. २०२४ मध्ये आर५७० या उसाच्या जातीचा जनुकसंच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनुक्रम खुले आहेत. को ८६०३२ लावणाऱ्या, पाण्याच्या ताणाशी आणि रोगांशी दर हंगामात झगडणाऱ्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उसाच्या कायनेजवर काम व्हायला हवे. त्यासाठी स्फटिक वाढवण्याची सोय नसली तरी चालेल. अनुक्रम घ्यावा, आल्फाफोल्डने प्रतिमान काढावे, त्यातला कुठला भाग भरवशाचा आहे हे कार्यक्रम स्वतःच सांगतो ते नीट नोंदवावे, ८५ घरांचा क्रमांक लावून मानवी कायनेजशी ताडावे. मग ते प्रतिमान मॉडेलआर्काइव्हसारख्या खुल्या ठिकाणी विद्यार्थ्याच्या नावाने जमा करावे. एमएस्सीच्या शेवटच्या सत्राला एवढे काम पुरते. जमा केल्याची पावती दाखवल्याशिवाय प्रकल्पाचे गुण देऊ नयेत, अशी अट विभागांनी येत्या वर्षापासून घालावी.